चाकांवरचे बिऱ्हाड

गेल्या काही वर्षांत आपल्या सुशिक्षित कुटुंबांत एका नव्या हौसेचा प्रवेश झाला आहे. जिच्यात निजावयास बिछाना आहे, स्वयंपाकास ओटा आहे, स्नानाची व शौचाची सोय आहे, अशी एक मोटार भाड्याने घ्यावयाची, अथवा ऐपत असल्यास स्वतःच बांधवून घ्यावयाची, आणि आठ-पंधरा दिवस तिच्यातच बिऱ्हाड करून मनास येईल तिकडे हिंडावयाचे, अशी ही हौस आहे. विलायतेत व अमेरिकेत ती जुनी आहे. आपल्याकडे नवी आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले, तेव्हा तिला राजमान्यताही मिळाली. या हौसेचे गुणगान करणारे लेख व चित्रे आता इतकी झाली आहेत की, तिच्याविषयी शंका घेणारा मनुष्य घरकोंबडा ठरावा. ‘मोकळे आयुष्य’, ‘भिंतींपासून सुटका’, ‘कोणाचेही बंधन नाही’ हे शब्द या प्रकरणी इतक्या वेळा कानांवर पडतात की, ते तपासून पाहण्याची आवश्यकताच कोणास वाटेनाशी झाली आहे. आम्हांस ती वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभीच सांगून टाकतो की, आम्ही या हौसेचे शत्रू नाही. गेल्या पौषात घरातील आम्ही चौघांनी अशी एक मोटार दहा दिवसांच्या कराराने घेतली आणि दूरदेशी न जाता आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यात हिंडलो. पन्हाळ्याच्या पायथ्याशी दोन रात्री, राधानगरीच्या बाजूस तीन आणि उरलेल्या शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी, असा आमचा मुक्काम होता. ज्या गावी जन्म गेला त्याच्या आसपासचा प्रदेश आपण किती थोडा पाहिलेला असतो, हे त्या दहा दिवसांत कळले. पन्हाळा शहरापासून अवघ्या वीस किलोमीटरांवर. पाहुणे आले की त्यांना तीन दरवाजा, अंधारबाव व अंबरखाना दाखवावयाचा आणि झुणका-भाकर खाऊन सायंकाळी परतावयाचे, हा आमचा नेहमीचा क्रम. मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांची नावे २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली त्यांत पन्हाळा आहे, याचा आम्ही चारचौघांत अभिमान मिरवला. परंतु त्याच्या तटावरून सूर्योदय पाहावयास आम्हांस पन्नाशी उलटावी लागली. खिद्रापूरच्या कोपेश्वराचेही तसेच. स्वर्गमंडपात सकाळपासून मध्यान्हापर्यंत बसून राहिले, म्हणजे छताच्या गोल उघडीतून आत आलेले ऊन खांबांवरून हळूहळू खाली कसे सरकते ते दिसते. तासाभरात परतणाऱ्याला ते दिसत नाही. नरसोबाच्या वाडीस कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पहाटेची शांतता अनुभवावी, दुपारी गाडीच्या सावलीत भाकरी खावी, सायंकाळी मुलांनी नदीच्या वाळूत खेळावे, असे दिवस गेले. जवळचे जग सावकाश पाहण्याचे हे सुख खरे आहे आणि ते आम्ही नाकारीत नाही.

परंतु ‘कोणाचेही बंधन नाही’ हा जो या हौसेचा मुख्य दावा, तो दुसऱ्याच दिवशी सकाळी खोटा ठरला. आमच्या गाडीत पाण्याची शंभर लिटरची टाकी होती. काटकसरीने वापरले तरी चार माणसांस ती दीड दिवसापलीकडे पुरत नसे. वापरलेले पाणी दुसऱ्या टाकीत साठे, मैला तिसऱ्या पेटीत साठे. त्या भरल्या की रिकाम्या करावयास योग्य जागा हवी. दिवे आणि पंखा ज्या विजेवर चालत तिचा साठा दोन रात्रींत संपे. परिणाम असा झाला की, घरी ज्या गोष्टींचा विचार आमच्या मनास महिनोन् महिने शिवत नसे, त्यांचीच चिंता रोज दुपारी चार वाजल्यापासून सुरू होई. आज उभे कोठे राहावयाचे? जागा कोणाची? तेथे नळ आहे काय? असल्यास कोणास विचारावयाचे? आणि ही घाण टाकावयाची कोठे? घरात राहणारा मनुष्यही समाजावरच अवलंबून असतो. पण ते अवलंबन भिंतीत पुरलेल्या नळ्यांतून चालते, म्हणून दिसत नाही. चाकांवरच्या घरात तेच रोज नव्या माणसाकडे जाऊन तोंडाने मागावे लागते. फिरत्या घराची अडचण फिरताना येत नाही, थांबताना येते, हा आमच्या दहा दिवसांच्या संसाराचा पहिला धडा होय.

शासनास हे चांगले समजले आहे, असे म्हटले पाहिजे. कॅराव्हॅन धोरणाचा गाभा हाच आहे. फिरत्या घरांस उभे राहण्यासाठी नेमलेल्या जागा असाव्यात, तेथे पाणी असावे, वीज असावी, स्वच्छतागृह असावे, आणि अशा जागा उभारणाऱ्या उद्योजकांस सवलती मिळाव्यात, असे ते धोरण सांगते. मुक्काम करणाऱ्यास मुक्कामाची सोय लागते, हे तत्त्व त्यात मान्य केलेले आहे. आमचे भांडण या तत्त्वाशी नाही. ते कोणास लागू केले आणि कोणास केले नाही, याच्याशी आहे; आणि हे भांडण आम्हांस पुस्तकांतून सुचलेले नसून शिरोळ तालुक्यातील एका माळावर सुचले.

एका गावाबाहेर, शाळेच्या पलीकडे मोकळी जागा पाहून आम्ही गाडी उभी केली. गावातील एक कारभारी गृहस्थ सायंकाळी मोटारसायकलवरून आले. त्यांनी आमची विचारपूस केली, गाडी आत जाऊन कौतुकाने पाहिली, ‘खुशाल राहा, आपलंच गाव समजा’ म्हणून सांगितले आणि शाळेच्या नळाला नळी जोडून आमची टाकी भरवून दिली. त्यांच्या सौजन्याबद्दल आम्ही आजही ऋणी आहो. माळाच्या दुसऱ्या टोकास ऊसतोडीच्या टोळीच्या पंचवीस-तीस खोप्या होत्या. बांबूच्या कमानी, त्यांवर ताडपत्री व पाचट, पुढे तीन दगडांची चूल, शेजारी सोडलेल्या बैलगाड्या. दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या दारावर थाप पडली. विशी-बाविशीची एक बाई कळशी घेऊन उभी होती. ‘ताई, कळशीभर पाणी मिळंल का?’ एवढेच तिचे मागणे होते. घरच्यांनी कळशी भरून दिली. ती जाता जाता थांबली, गाडीकडे चाकापासून टपापर्यंत पाहिले, खिडकीतून दिसणारा स्वयंपाकाचा ओटा पाहिला आणि विचारले, ‘तुमी कोणत्या कारखान्याला आलाव?’

प्रथम आम्हांस हसू आले. नंतर जो विचार सुरू झाला तो अद्याप थांबलेला नाही. त्या बाईचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. तो बिनचूक होता. जे लोक आपला सारा संसार चाकांवर घालून परमुलखात येतात आणि उघड्या माळावर चूल पेटवितात, ते कोठल्या ना कोठल्या कारखान्याला आलेले असतात, हा तिचा आयुष्याचा अनुभव होता. हौसेखातर कोणी असे राहत असेल, ही कल्पना तिच्या मनात येण्याचे काही कारण नव्हते. आणि आम्ही, जे या जिल्ह्यात जन्मलो आणि दर हिवाळ्यात उसाने भरलेल्या गाड्यांच्या रांगा पाहत आलो, त्या आम्हांस फिरते घर ही विलायती नवलाई वाटत होती! खरे पाहता आमच्या जिल्ह्यात फिरती घरे दरवर्षी हजारोंनी येतात. बीड आणि मराठवाड्याच्या इतर दुष्काळी भागांतून ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती निघतात आणि मार्च-एप्रिलात परततात. गाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धान्याची पोती, भांडी, अंथरुणे, कोंबड्या, पाळण्यातले मूल आणि कोयता. नवराबायकोच्या जोडीसच तेथे ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची गणती हत्याराने होते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची, एक दिवस आजारी पडले तर खाड्याचे पैसे द्यावयाचे, पहाटेच्या अंधारात फडात उतरावयाचे, मोळ्या डोक्यावरून गाडीत भरावयाच्या, आणि उरलेले वाढे विकून मीठमिरचीची सोय करावयाची, असा हा पाच-सहा महिन्यांचा प्रवास असतो.

ती बाई आमच्याकडे का आली, हे आम्ही मागाहून विचारले. खोप्यांजवळची कूपनलिका नादुरुस्त होती. शाळेच्या नळावर गेल्यास ‘हा नळ शाळेचा आहे’ असे सांगून बायकांना परत पाठवीत. त्याच नळास आदल्या सायंकाळी आमची नळी लागली होती. गावकऱ्यांस दुष्ट म्हणावे असे आम्ही काही पाहिले नाही. आमच्याशी तर ते स्नेहानेच वागले. म्हणूनच ही गोष्ट आम्हांस अधिक विचार करावयास लावणारी वाटते. दोन्ही बिऱ्हाडे परगावची, दोन्ही चाकांवर आलेली, दोन्हींची गरज तीच. एकास आतिथ्य मिळाले, दुसऱ्यास नियम ऐकविण्यात आला. आमची दोन रात्रींची हौस होती. त्यांचे पाच महिन्यांचे पोट होते.

या पक्षपातास आपण भाषेचेही पांघरूण घातले आहे. आम्ही हिंडतो तिला आपण ‘भटकंती’ म्हणतो आणि ती तरुणांनी करावी असा उपदेश करतो. दुसऱ्या कोणी पिढ्यान् पिढ्या हिंडत असेल तर त्यास ‘भटका’ म्हणतो, आणि तो शब्द सरकारी यादीतला होतो. आमची गाडी रस्त्याकडेला दिसली की लोक थांबून चौकशी करतात. घिसाड्याचे पाल दिसले की रात्री दाराला दोन कड्या लावतात. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून हिंडणे हाच संशय ठरविला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण त्याने शिकविलेला संशय आपल्या मनातून रद्द झालेला नाही.

हा दुटप्पीपणा केवळ आपलाच आहे असेही नव्हे. इंग्लंडात १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, पूर्वी आरमारात डॉक्टर असलेल्या गृहस्थाने ‘वॉन्डरर’ नावाची एक शोभिवंत गाडी ब्रिस्टल येथे बांधवून घेतली, तिला दोन घोडे जोडले आणि स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. बरोबर कोचमन व नोकर होता, हे सांगितले म्हणजे त्या मोकळ्या आयुष्याची कल्पना येईल. तो स्वतःस ‘सभ्य जिप्सी’ म्हणवी आणि त्याच्या अनुकरणाने तिकडे या हौसेचा प्रसार झाला. परंतु ज्या खऱ्या जिप्सींचे नाव त्याने कौतुकाने घेतले, त्यांना उभे राहण्यास जागा द्यावी असे कर्तव्य स्थानिक कौन्सिलांवर कायद्याने घालावयास १९६८ साल उजाडावे लागले, आणि १९९४ साली ते कर्तव्य काढूनही टाकण्यात आले. हौशी लोकांच्या गाड्यांसाठी मात्र तेथे सुखसोयींनी युक्त मैदाने आहेत. आपणही त्याच वाटेने निघालो आहो, आणि आपल्याला थांबून विचार करण्यास अद्याप अवकाश आहे, म्हणून हे उदाहरण दिले.

यावर जे आक्षेप घेतले जातील त्यांची आम्हांस कल्पना आहे. पहिला आक्षेप असा की, पर्यटक पैसे खर्च करतो, त्याच्या येण्याने गावास उत्पन्न मिळते. त्याची सोय करणे हा व्यवहार आहे. व्यवहारच पाहावयाचा तर पूर्ण पाहावा. आम्ही दहा दिवसांत दूध, भाजी, डिझेल आणि देवळाबाहेरचे पेढे यांपलीकडे जिल्ह्यास काय दिले? आणि कोल्हापूरच्या गावागावांत जी सिमेंटची घरे उठली, दारात ट्रॅक्टर आले, मुले इंजिनिअर होऊन परदेशी गेली, ती कोणत्या पिकावर? ऊस उभा आहे तोवर तो पैसा नव्हे. तो तोडून वेळेवर कारखान्याच्या काट्यावर पोहोचला म्हणजे पैसा होतो. जो तो पोहोचवितो त्याच्या पाण्याचा खर्च उत्पन्नाच्या हिशेबात बसत नाही, असे म्हणणाऱ्यास हिशेब येत नाही.

दुसरा आक्षेप, ‘त्यांना सवय असते.’ हा आक्षेप आम्ही सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात सर्वांत अधिक वेळा ऐकला आहे. आम्हांस दहा दिवसांत एवढे कळले की, पाणी मोजून वापरण्याची सवय होते, अरुंद जागेत निजण्याची होते, थंडीचीही काही अंशी होते. पण अंधारात उघड्यावर शौचास जाण्याची सवय कोणाही स्त्रीस होत नाही. ती फक्त सोसते. बीड जिल्ह्यात ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचा प्रश्न २०१९ साली गाजला आणि शासनास डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. त्या अनर्थाची कारणे अनेक आहेत. पण स्वच्छ पाणी व आडोसा नसलेल्या ठिकाणी, मासिक पाळीतही सुटी न मिळता, महिनोन् महिने राहावे लागणे हे त्यांतले एक आहे, हे समजण्यास वैद्यक शिकण्याची गरज नाही. ‘सवय असते’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी प्रत्येक गृहस्थाने आपल्या लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा.

तिसरा आक्षेप अधिक विचारपूर्वक घेतला जातो. ही जबाबदारी मुकादमाची, कारखान्याची अथवा शासनाची आहे. आम्हां सामान्य जनांचा तिच्याशी काय संबंध? जबाबदारी कोणाची हे ठरत नाही, यामुळेच तर ती कोणी घेत नाही. शेतकरी म्हणतो, तोडणीचा करार कारखान्याचा; कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे; मुकादम म्हणतो, मी उचल दिली, माझे काम संपले. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली केलेला केंद्राचा कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांपुरता होता. बीडहून शिरोळास येणारा मजूर महाराष्ट्रातच राहतो, म्हणून त्यास तो लागू पडला नाही. त्याच टोळीने सीमा ओलांडून चिकोडी-निपाणीचा ऊस तोडला असता तर पडला असता! अलीकडे काही झालेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झाले; त्यासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यावे आणि तितकेच शासनाने घालावे, असे २०२१ साली ठरले; मजुरांच्या मुलांसाठी त्यांच्या मूळ जिल्ह्यांत संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहेही निघाली. या गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु त्या मजूर ज्या गावाहून निघतो तेथे आहेत. तो ज्या माळावर पाच महिने राहतो, त्या माळावर नळ कोठे आहे, हा आमचा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

मुक्काम करणारा मनुष्य गावास ओझे असतो, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. आपल्याच जिल्ह्यात धनगरांचे वाडे मेंढरांसह शेतोशेत उतरतात. घोड्यावर संसार, मागे कुत्री, पुढे मेंढरे. त्यांना शेतकरी हाकलीत नाही; उलट आमच्या रानात मेंढरे बसवा म्हणून आर्जव करतो, धान्य देतो, पैसे देतो, कारण रात्रभरच्या लेंडीने जमिनीचा कस वाढतो. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेस दूरदूरच्या मुलखातून हे लोक येतात तेव्हा सारा गाव त्यांचा यजमान होतो. फिरणारा आणि स्थिर यांचा हा जुना करार दोघांच्या हिताचा आहे. धनगराचा वाडा उठून गेला की मागे सकस रान राहते. ऊसतोड्याची टोळी उठून गेली की मागे भरलेले गोदाम राहते. आमची गाडी उठून गेली तेव्हा मागे काय राहिले? एका खड्ड्यात ओतलेले साबणाचे पाणी. असे असता पाहुणा कोण आणि ओझे कोण, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

कोल्हापुरास या बाबतीत दुसऱ्या कोणाचा कित्ता गिरविण्याची गरज नाही. ज्या काळी हिंडणाऱ्या जमातींस चौकीवर हजेरी देणे भाग होते त्या काळी, १९१८ साली, शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली. ज्या फासेपारध्यांच्या नावाने लोक दचकत, त्यांना त्यांनी वस्तीस जागा दिली, काम दिले, आणि पहाऱ्यासारख्या विश्वासाच्या जागी नेमले. दसऱ्याच्या व्याख्यानांत महाराजांचे नाव घेणारे आपण, आपल्या शाळेच्या नळावरून एका बाईस रिकाम्या कळशीने परत पाठवितो, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते.

आणि आपले स्थैर्य तरी असे कितीसे अढळ आहे? २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा व कृष्णा चढल्या. शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे पाण्याने वेढली गेली, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झाले. ज्यांची घरे चिरेबंदी होती त्यांनीही ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत अंथरुणे, भांडी, म्हाताऱ्या आया आणि वासरे घातली आणि उंच जागेच्या शोधात निघाले. त्या दिवसांत शाळा, मठ, मंगल कार्यालये यांची दारे उघडली. कोणी कोणास ‘हा नळ आमचा आहे’ असे म्हटल्याचे आम्ही ऐकले नाही. चाकांवर बिऱ्हाड आलेल्या माणसाशी कसे वागावे, हे आपणांस उत्तम ठाऊक आहे, याचा तो पुरावा आहे. मात्र ते बिऱ्हाड आपल्यापैकी कोणाचे असावे लागते, असे दिसते.

तेव्हा आमचे मागणे काय, ते स्पष्ट सांगतो. ते मोठे नाही. कॅराव्हॅनसाठी ज्या सोयी शासनाने आवश्यक मानल्या, त्यांतील तीन, म्हणजे पाणी, शौचालय आणि दिवा, प्रत्येक कारखान्याच्या क्षेत्रात टोळ्या जेथे उतरतात त्या जागी, हंगाम सुरू होण्यापूर्वी तयार असाव्यात. आणि त्या तयार आहेत की नाहीत हे पाहिल्यावाचून गाळपास आरंभ होऊ नये. टोळ्या दरवर्षी बहुधा त्याच माळांवर उतरतात, म्हणून जागा कोणती हा प्रश्न अवघड नाही. जिल्ह्यात पर्यटकांच्या फिरत्या घरांसाठी मैदाने उभारावयाची असतील तर अवश्य उभारावीत. पण ज्या तालुक्यात ऊसतोड्यांच्या माळावर नळ नाही त्या तालुक्यात ती उभारण्याची घाई करू नये. हा मत्सर नव्हे, क्रम आहे. पंगतीत जो आधीपासून बसलेला आहे त्याच्या पानात आधी वाढावे, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु शासनाकडे मागणे सोपे असते. या मासिकाच्या वाचकांकडेही आमचे एक मागणे आहे आणि ते आम्ही स्वतःपासून सुरू करतो. आपल्यापैकी कित्येकांची गावाकडे शेती आहे, ती वाट्याने अथवा चुलत्याकडे आहे, आणि वर्षाकाठी उसाचे बिल बँकेत जमा होते. आमच्याही घरी दीड एकर ऊस आहे. तो दरवर्षी तोडला जातो. तोडणारे कोठून आले, कोठे उतरले, पाणी कोठून भरले, हे आम्ही इतक्या वर्षांत एकदाही विचारले नव्हते. बिल किती आले एवढेच विचारीत होतो. त्या पहाटे कळशी घेऊन आलेल्या बाईस आम्ही ओळखले नाही. पण कोणी सांगावे, तिने पूर्वी आमचाच ऊस तोडला असेल. यंदापासून आमच्या विहिरीवरचा पंप टोळीस सकाळ-संध्याकाळ मोकळा राहील आणि बांधाला दोन शौचालयांचा आडोसा उभा राहील, असे आम्ही घरात ठरविले आहे. यात परोपकार काही नाही. जे देणे होते ते उशिरा देत आहो. ज्यांच्या नावे उसाचे बिल निघते त्या प्रत्येक कुटुंबाने एवढे केले तर शासनाच्या धोरणाची वाट पाहत बसावे लागणार नाही.

हौशी मंडळींनी मोटारीत बिऱ्हाड थाटून खुशाल हिंडावे. दाजीपूरच्या रानाच्या कडेला राहावे, गगनबावड्याचे धुके पाहावे. आम्हीही पुन्हा जाऊ. मात्र मुक्कामास थांबाल तेव्हा आजूबाजूस पाहा. शेजारी दुसरी कोणाची चूल पेटलेली असेल, तर आपल्या टाकीत पाणी भरून घेण्यापूर्वी त्या गृहस्थास, जो कोणी तुम्हांस नळ दाखवीत असेल त्यास, एवढे अवश्य विचारा की, या नळावर त्यांनाही भरू देता काय? उत्तर ‘नाही’ असे आले, तर आपली नळी जोडू नका.